दाजीबाभाऊंची मोटर

दाजीबाभाऊंच्या मोटरीत बसायचं तर मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या धरावा लागे. धानोऱ्याच्या बाजारापर्यंत जायचं आणि परत यायचं. धोतर भिजलं की भाऊ गाडी थांबवत, बसणाऱ्याला तिथंच उतरवत आणि स्वतः गाडीखाली शिरत. उतरलेला माणूस पायी घरी गेला तरी त्यांना काही वाटत नसे; तांब्या मात्र आठवणीनं मागून घेत.

मी चिमूरहून बदलून आलेला शाळामास्तर, भाऊंचा शेजारी. साहजिकच गावात सगळ्यात जास्त वेळा भिजलेलं धोतर माझं.

भाऊ पूर्वी एका मालगुजाराचे, म्हणजे जमीनदाराचे, ड्रायव्हर. मालगुजारी गेली, मालक नागपूरला गेले आणि जाताना जुनी लांबलचक मोटर भाऊंना देऊन गेले. पितळी दिव्यांची ती मोटर गोठ्यात उभी असे आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत. इंजिन केव्हाच निकामी झालेलं. भाऊंनी महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या जीपचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस बांबूच्या ट्रकमधून आणवला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा जीपचा दांडा आखूड पडला, तो लोहाराकडून जोडून लांब केला. धक्के झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानीही जीपच्याच बसवल्या. त्या कडक म्हणून त्यांतला एक पाटा काढत, पुन्हा घालत, पुन्हा काढत.

"वरून म्हातारी, आतून पैलवान," गाव म्हणे.

"पैलवान नको मले," भाऊ म्हणत. "पालखी पाह्यजे."

एवढं दमदार इंजिन, पण भाऊंनी तिसरा गिअर कधी टाकला नाही. बैलबंड्या पुढं निघून जात. कुणी बोललंच तर ठरलेलं उत्तर, "जल्दी काऊन? रस्ता कुठी पळून राह्यला?" बाजाराच्या पलीकडं मात्र ते कुणालाच नेत नसत. लाकडाच्या ठेकेदारानं विनवलं, जमादारानं दरडावलं. भाऊंचं एकच, "अजून जमली नाई."

त्या वर्षी धान निसवण्याच्या दिवसांत माझ्या बायकोला, कुसुमला, कळा सुरू झाल्या. सकाळी सुईण बाहेर आली. "मास्तर, लेकरू आडवं आहे. माह्या हातचं नाई हे. गडचिरोलीले न्या."

मी कुंपण ओलांडून भाऊंकडं गेलो. ते गाडीखाली होते. सगळं ऐकूनही बाहेर आले नाहीत. मग खालूनच म्हणाले, "अजून जमली नाई, मास्तर."

"भाऊ, दुसरं काही नाही हो गावात."

ते बाहेर आले. चेहरा राखेसारखा झाला होता. घरातली गादी आणून त्यांनी मागच्या सीटवर अंथरली.

कुसुम आडवी, तिचं डोकं सुईणीच्या मांडीवर, मी पुढं. दोन्हीकडं जंगल, मधे चिखलानं फाटलेला रस्ता. भाऊ प्रत्येक खड्ड्यात आधी एक चाक उतरवत, मग दुसरं. कुसुम कण्हली की त्यांचा पाय ब्रेकवर जाई. मला ओरडावंसं वाटत होतं.

पुढं नाला आडवा आला. पाणी चाकाच्या निम्म्यावर. पंख्यानं इंजिनावर पाणी उडवू नये म्हणून भाऊंनी त्याचा पट्टा काढला आणि गाडी पाण्यात घातली. ऐन मधे ती थरथरली. आता बंद पडते, असं मला वाटलं. पण गुरगुरत ती काठावर चढली, आणि चढताच खालून खडखडाट सुरू झाला. भाऊ चिखलात उताणे होऊन खाली शिरले. जोडलेल्या दांड्याचा एक बोल्ट सैल झाला होता. पाना फिरल्याचा आवाज येत होता आणि मागं कुसुमचं कण्हणं बारीक होत चाललं होतं.

पट्टा चढवून भाऊ पुन्हा स्टिअरिंगवर बसले आणि तशीच हळू गाडी हाकू लागले.

"भाऊ," मागून कुसुम म्हणाली, "मले धक्का लागला तं लागू द्या. पळवा तुमी."

भाऊंचा हात गिअरच्या दांडीवर गेला. त्यांनी तिसरा गिअर टाकला.

दवाखान्यात पोचलो. दुपार उलटून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. मुलगी झाली होती आणि दोघी जिवंत होत्या. मी धावत अंगणात गेलो. भाऊ कडुनिंबाखाली गाडीतच बसून होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली.

"तुम्ही आता घरी जा, भाऊ. तिला बरेच दिवस ठेवणार आहेत."

"नाई. थांबतो मी."

आणि थांबले. तीन दगडांवर भात शिजवत, मागच्या सीटवर झोपत. एकदा मी न राहवून म्हटलं, "घरी जायला नको का तुम्हाला?"

"घरी कोण आहे?" ते काच पुसत राहिले. मग म्हणाले, "माही बायको, जनी, अशीच अडली होती. बैलबंडीत घालून मीच आणलं इथी. सारा रस्ता म्हणे, हळू हाका, धक्का लागते. आणता आलं मले, मास्तर. वापस नेता नाई आलं."

कुसुमला सोडलं त्या दिवशी भाऊंनी दार उघडून धरलं. आमच्या दारापुढं गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तरी ते समोरच बघत बसले.

"पोचलो ना, बाई?"

"पोचलो, भाऊ."

मागं न वळता त्यांनी पुन्हा तेच विचारलं. कुसुमनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं.