टिप्या जेवत नाही

मिराबाई गेली आणि टिप्याने भाकरी सोडली. नेमसिंगच्या दारात ताटली भरलेली, तिच्यावर माशा, आणि कुत्रं भिंतीकडे तोंड करून पडलेलं. जाताना मिराबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "टिप्याला उपाशी ठिवू नका." शेताचं नाही, लेकीचं नाही, कुत्र्याचं! आता बोला.

त्यात नेमसिंगच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. लेक संगिता नांदेडला, तिच्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. म्हणजे टिप्याला आधी खायला लावायचं आणि मग कुठंतरी ठेवायचं.

कळमनुरीच्या जनावरांच्या दवाखान्यात म्हशींच्या मागे नंबर लागला. डॉक्टर मायाळू. त्यांनी टिप्याचे दात, पोट, डोळे, सगळं निवांत तपासलं.

"आजार काही नाही काका. मनाला लागलंय त्याच्या. प्रेमानं घ्या, आवाज चढवू नका."

"म्या जन्मात कोनावर आवाज चढवला न्हाई, साहेब."

खरंच होतं. घरातलं ते खातं मिराबाईकडे होतं. ती गेल्यापासून तर सगळा तांडाच हळू बोलत होता. दुखवट्याच्या घरापुढे कोण ओरडणार? शेजारची रुक्माबाई भाकरी आणून ठेवायची, तीसुद्धा कुजबुजत, "खाऊन घ्या बरं, भाऊ." भाऊही खात नव्हते. ते तिला दिसायचं, पण बोलणार कसं?

डॉक्टरांनीच हिंगोलीच्या स्वप्निलचं नाव सुचवलं. लोक परगावी गेले की त्यांची कुत्री हा सांभाळायचा. खोल्या स्वच्छ, वर पंखे, खाली गाद्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नेमसिंग टिप्याला घेऊन पोचला. स्वप्निलने "ये बेटा" म्हणत चिकन पुढे केलं. बेटा गादीमागे जाऊन लपला.

"काका, हा खात नसंल तर मी कसा ठेवू? काही झालं तर तुमाला काय तोंड दाखवू?"

झालं! नेमसिंगचा बांधच फुटला.

"मुडद्या, गिळ की! ती गेली, आता तूबी चालला? जा, मर तिकडं! तिला काय सांगू म्या?"

आतली सगळी कुत्री गप्प झाली. नेमसिंग रडत होता आणि मिराबाईच्या ठेवणीतल्या शिव्या एकेक करून बाहेर येत होत्या. टिप्याने कान टवकारले. उठला, शेपूट हलवली आणि चिकन फस्त केलं.

नेमसिंग डोळे पुसत बघत राहिला. मिराबाईने टिप्याला शिवीशिवाय ताटली कधी दिलीच नव्हती!

"आता तुमी बी त्याला वाढताना अशाच शिव्या द्या," तो स्वप्निलला म्हणाला.

स्वप्निलने संध्याकाळचं ताट ठेवून पाहिलं. घसा साफ केला. "गिळा... मुडदेसाहेब." टिप्याने पुन्हा पाठ फिरवली.

शेवटी ठरलं, शिव्या नेमसिंगनेच फोनवरून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात, एका डोळ्यावर पट्टी बांधून, नेमसिंग फोनमध्ये गरजला, "गिळ मुडद्या!" सिस्टर धावत आली. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबुवा उठून बसले. पलीकडून स्वप्निल ओरडला, "खाल्लं काका! ताट चाटून राहिला!"

नेमसिंगने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याचा डबा सकाळपासून तसाच होता. "बा, दोन घास खाता का?" असं हळूच विचारून विचारून संगिता थकली होती. तिने फोनकडे पाहिलं, बापाच्या पाठीकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण दाणकन आपटलं.

"काहून तोंड फिरवून राहिले? गिळा मुकाट्यानं! का कोंबू तोंडात?"

आवाज हुबेहूब मिराबाईचा. नेमसिंग वळला. डब्यातली भाकरी मोडली आणि घास तोंडात घातला. उघड्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"डाळ आळणी झाली," तो म्हणाला.

"गप खावा!"

मग त्याने सगळा डबा संपवला.