पिवळाधमक साखरभात

साखरभात करावा तर मीच! भोकरदनात माझ्या तोडीचा साखरभात कुणी करून दाखवावा! पण माझी बायको उमा गेल्यापासून तो खायलाच कुणी नव्हतं. एकटाच भाकरी-लोणच्यावर भागवायचो. शेवटी ओठांचे कोपरे फाटले, तेव्हा जालन्याच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या पिवळ्या गोळ्या दिल्या. "चार माणसांत जेवत जा," असंही म्हणाले. गोळ्या मिळाल्या, माणसं कुठून आणायची?

मग मीच शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. रामराव, पुंजाराम, सोनूबाई, सगळे हो म्हणाले! साखरभात आवडला की दर गुरुवारी माझ्याकडेच पंगत, असा बेत होता.

ऐन वेळी केशर मिळेना. लढाईच्या दिवसांत केशर कुठलं! फडताळात गोळ्यांची बाटली दिसली. औषधच ते, अपाय कसला? अर्धी बाटली कुटून पाकात ढवळली. भात असा पिवळाधमक झाला की हळदीच्या नवरीनं लाजावं!

पंगत रंगली. रामरावांनी तर पुन्हा पुन्हा मागून घेतला. माझ्या घरात माणसं हसत होती. मला भरून आलं.

सकाळी रामराव टमरेल टाकून शेतातून पळत आले.

"पंत, घात झाला! लघवी पिवळीजर्द होऊन राह्यली! कावीळ!"

"मला बी!" मागून पुंजाराम.

"माझ्या लेकरायला बी!" सोनूबाई रडत आली.

तोवर काविळीची माळ घालणारी गोजरबाईही येऊन पोचली. "माळ उतरंस्तोवर अळणी खायचं," ती म्हणाली. "मीठ बिलकुल न्हाई!"

"अहो, घाबरू नका!" मी हसलो. "कावीळ नव्हे ही! गोळ्यांनी होतं तसं. माझं तर महिनाभर असंच आहे!"

सगळे मागे सरले.

"महिनाभर?" रामराव म्हणाले. "आन् आमाला जेवू घातलं?"

"अहो, त्या गोळ्या..."

"मंग डागदरनं गोळ्या उगाच देल्या का?" गोजरबाई म्हणाली. "पंतायला दोन माळा घाला!"

शेजारी दुसऱ्याच दिवशी बरे झाले. गोजरबाईचं नाव झालं! मला मात्र आता रोज एकेका घरून अळणी ताट येतं. माणसं मायाळू आहेत. सोनूबाई ताट उंबऱ्यावर ठेवते आणि वळते.

"घटकाभर बसा की," परवा न राहवून मी म्हणालो.

"बसंल की, पंत," ती लांबूनच म्हणाली. "आधी बरे व्हा!"

गोळ्या मी त्याच दिवशी बंद केल्या. आता रोज सकाळी शेतात जाताना रामरावांना हाका मारतो. स्वच्छ झालंय हो, येऊन बघा! पण बघायलासुद्धा कुणी यायला तयार नाही!