मुकादम सर आणि पुर्क्वा

मुकादम सर माझ्या टेबलावर एखादी वस्तू ठेवत आणि हात मागे बांधून गप्प उभे राहत. एकदा खुब्जवाल्याची तंदूरला रोटी थापायची गादी, एकदा गोड्या पाण्याच्या टँकरचा नळ, एकदा गुदैबिया मोहल्ल्यातल्या न्हाव्याचा अख्खा आरसा. मी "हे काय?" असं विचारावं, एवढीच त्यांची इच्छा. मी विचारत नसे. विचारलं की दुसऱ्या दिवशी आणखी मोठी वस्तू येई.

नातवंडांनो, नव्वदच्या दशकात तुमचे आजोबा बहारीनला बँकेत होते. आम्ही उम्म अल हस्समला राहत होतो आणि मी एका लहानशा शाळेत साधनांची खोली सांभाळत असे. नकाशे, तक्ते, पुस्तकं, प्रत्येकावर माझ्या हातचं लेबल. शाळेची गंमत अशी की पहिलीपासून सगळे विषय फ्रेंचमधून. मुलं घरी अरबी बोलोत की मल्याळी, वर्गात फ्रेंचच. परिसर अभ्यास शिकवायला होते रत्नागिरीकडचे मुकादम सर. तरुणपणी आफ्रिकेतल्या, फ्रेंच चालणाऱ्या जिबुतीच्या बंदरात कारकुनी करताना ते फ्रेंच शिकले होते. त्यांच्या फ्रेंचला अजून बंदराचा वास येतो, असं आमच्या लेबनानी मुख्याध्यापिका मादाम म्हणत.

सरांचा नियम एकच. वस्तू वर्गात ठेवायची आणि बोलायचं नाही. मुलांनी "पुर्क्वा?" म्हणजे "का?" विचारलं, तर वस्तू पास. विचारल्यावरही उत्तर द्यायचं नाही, "शोधा" म्हणायचं.

"पोरांनी विचारला नाय तर ता साधन नाय, बाय. ता भंगार."

एकदा त्यांनी गरगूर आणला. गरगूर म्हणजे मासे पकडायचा तारेचा घुमट, माणसाएवढा उंच. तो वर्गाच्या दारातून आत जाईना, म्हणून अंगणात ठेवला. मासा आत कसा शिरतो हे दाखवायला सर स्वतः शिरले. बाहेर कसं यायचं हे मात्र माशाप्रमाणेच त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मादाम आल्या.

"मस्यू मुकादम," त्या म्हणाल्या, "पुर्क्वा?"

सर तारांमधून मला म्हणाले, "बाय, लिवून घ्या. पुर्क्वा आला. साधन पास."

"खलास," मादाम म्हणाल्या आणि त्यांनी फ्रान्सहून तयार साधनांचा खोका मागवला.

खोक्यात 'कुटुंब' या पाठासाठी पुठ्ठ्याची माणसं होती. शेकोटीजवळ पेपर वाचणारे बाबा, लोकर विणणारी आजी, जाडजूड मांजर. मुलं बघत बसली. शेवटी शेकोटीकडे पाहून एकाने एसी वाढवायला सांगितलं.

"नापास," सर म्हणाले.

"मग बुधवारी मी वर्गात बसेन," मादाम म्हणाल्या. "कुटुंबावर तुम्ही काय आणता ते बघते. मुलांनी काही विचारलं नाही, तर यापुढे सगळं खोक्यातलंच."

सरांनी आधी माझा कुकर नेऊन पाहिला. शिट्ट्या झाल्या आणि एक मुलगी झोपली. मग माझ्या सासूबाईंचा फोटो नेला. मुलं घाबरली, पण विचारलं कोणी काही नाही.

मंगळवारी टेबलावर कॅसेट आली. मी विचारलं नाही. शेवटी सर आपणच म्हणाले, "सकीनाची."

सकीना त्यांची मुलगी. त्यांच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नसे, म्हणून बायको आणि मुलगी गावी होत्या. फोन महाग. त्यामुळे गावी ये-जा करणाऱ्यांबरोबर कॅसेटी जात-येत.

"आधी लई विचारायची, बाय. उंटाला पोहता येतो काय? तुमच्या चायमध्ये साखर कोण घालतो? आता बरी हाय म्हणते नि बंद. एक बाजू पण भरत नाय."

मी सवयीने चिकटवायला लेबल घेतलं. त्यांनी कॅसेट हळूच उचलून घेतली. "हिला नको."

बुधवारी मादाम मागच्या बाकावर बसल्या. पाय मावत नव्हते. दाराशी मी होते. सरांनी बटण दाबलं.

"अब्बा, मी बरी हाय. अभ्यास चालू हाय. अल्ला हाफिज."

मागे एक कोंबडी ओरडली आणि टेप नुसती फिरत राहिली. सर हात मागे बांधून उभे.

मग हात वर झाले. अब्बा म्हणजे तुम्ही का? ती तिकडे आणि तुम्ही इकडे, पुर्क्वा? एवढंच बोलली, पुर्क्वा? रुसली आहे का? कोंबडी कोणाची?

"शोधा," सर सवयीने म्हणाले.

"कुणाला विचारून?" एका मुलीने विचारलं.

 सरांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच टेपरेकॉर्डर पुसला.

"तिलाच विचारून," मादाम म्हणाल्या. त्या बाकातून कशाबशा बाहेर आल्या आणि त्यांनी रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. मुलांनी रांग लावली. कोंबडीबद्दल तर सगळ्यांनाच विचारायचं होतं.

कॅसेट गावी निघाली तेव्हा मी सरांना म्हटलं, "शेवटी मराठीत अर्थ तरी सांगून ठेवा. पोरीला या फ्रेंचमधलं अक्षर कळणार नाही."

"नाय कळणार," सर खुशीत म्हणाले. "म्हंजे विचारील."

रमजान आला, ईद झाली, गावाहून कॅसेट काही आली नाही. खोका माझ्या कपाटावर धूळ खात होता. सर रोज नव्या वस्तू आणत, पण टेबलावर ठेवून लगेच निघून जात, उभे राहत नसत.

एका सकाळी टेबलावर कॅसेट होती. सर हात मागे बांधून उभे होते.

मी हातातलं लेबल खाली ठेवलं. "काय म्हणते सकीना?"

सरांनी खुर्ची ओढली आणि माझ्या खोलीत पहिल्यांदाच बसले.

"दोन्ही बाजू भरल्यात, बाय."