कडता कापून विमान

साडूनं विमान बघितलं, ही बातमी हिलालआबांना जेवता जेवता कळली आणि तोंडातला घास तोंडातच फिरू लागला.

बातमी दिली प्रमिलाबाईंनी. जळगावला पिंप्राळ्यात वनाभाऊंना दिलेली त्यांची धाकटी बहीण झुंबर, तिचा नुकताच एस.टी.डी. आला होता. "वनाभाऊंकडे मुंबईचा एजंट येऊन गेला म्हणे. फोटो दाखवले. टर्बोप्रॉप का काय म्हणतात, पुढं पंखा असतो त्याला."

"केळी विकणारा माणूस विमान घेतो?" आबा कडाडले.

"तुम्ही तरी सरकीच विकता."

आबांची धुळ्याला कापसाची जिनिंग होती, शेजारी तेलाची घाणी होती, दारात गाडी होती. पण वनाभाऊंच्या दारातली गाडी नेहमी एका वर्षानं नवी असायची, आणि हे दुःख आबांना कोणाजवळ बोलता येत नव्हतं. बोलले नाहीत तरी दिसायचंच म्हणा. साडूचं नाव निघालं की त्यांचे कान लाल व्हायचे.

"आणि एक," प्रमिलाबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "वनाभाऊ नानांना पहिल्यांदा बसवणार आहेत."

झालं! साक्रीचे झुलालनाना म्हणजे दोघांचे सासरे. 'एकदा विमानात बसलो की डोळे मिटायला मोकळा,' असं ते येईल त्याला सांगत. हिलालआबा थोरले जावई. थोरला जिवंत असताना धाकट्यानं म्हाताऱ्याला आभाळात न्यायचं, म्हणजे उद्या साक्रीला तोंड कोणत्या बाजूनं दाखवायचं? आबांनी हात धुतले आणि थेट मुंबईच्या त्याच एजंटाला फोन लावला.

एजंट दस्तूर कोट घालून आला. धुळ्याच्या मे महिन्यात कोट घालणारा माणूस पाहूनच जिनिंगमधले लोक हळहळले. त्यानं दोन फोटो मांडले.

"हे एका इंजिनाचं. तेल कमी पितं, दुरुस्ती स्वस्त, छोट्या धावपट्टीवर उतरतं. हे दोन इंजिनांचं. वेग जास्त, एक बंद पडलं तर दुसरं आहे. पण खर्च जवळजवळ दुप्पट. तुमचं काम मुंबईपर्यंतचं. माझं ऐकाल तर एक इंजिन पुरे."

"ते राहू द्या. जळगाववाल्यांनी कोणतं बघितलं?"

"ते मला सांगता येणार नाही, आबासाहेब. धंद्याचा नियम आहे."

आबा चुळबुळले. एक घ्यावं आणि साडूनं दोनाचं घेतलं तर? दोनाचं घ्यावं आणि साडूनं एकाचं घेऊन 'थोरल्याला व्यवहार कळत नाही' म्हणून गावभर सांगितलं तर?

प्रमिलाबाईंनी पडद्याआडून तोड काढली. "झुंबरनं दोन शेगड्यांचा गॅस घेतला, तेव्हा आपण एकाच शेगडीवर होतो. मी विसरले नाही."

तरी घोड्यावर बसल्याशिवाय घोडा घेऊ नये, म्हणून आधी एका इंजिनाचं विमान चालवून बघायचं ठरलं. धुळ्याहून जळगाव. वनाभाऊंना मुद्दाम कळवलं: नानांना घेऊन येतोय, उतरवून घ्यायला या. ही आबांची खास खोच. साडू खाली धुळीत उभा आणि आपण वरून उतरतोय, हे चित्र बघत ते दोन दिवस गालातल्या गालात हसत होते.

दस्तूरनं जाताना सांगितलं होतं, "प्रत्येक माणसाचं आणि सामानाचं वजन कागदावर द्या. विमानाला वजन कळावं लागतं."

वजनाचीच गोष्ट ना? जिनिंगचा काटा होता आणि काट्यावर भटू मापाडी होता. जागा रिकाम्या कशाला न्यायच्या, म्हणून नानांसोबत चुलतसासरे आले, मेहुणे आले, प्रमिलाबाईंची मावससासू तानुबाईही आली. झुंबरसाठी शेंगदाणा तेलाचे डबे आले, गुळाच्या भेल्या आल्या. भटूनं सगळ्यांना काट्यावर चढवलं आणि कागद भरला. स्वतःचा आकडा वाचून प्रमिलाबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी भटूला चहा पाजला.

धावपट्टीवर अर्धं गाव लोटलं होतं. विमान सुटलं, धावलं, आणखी धावलं. कुंपण जवळ आलं तरी बूड काही उचलेना. शेवटी कॅप्टननं करकचून ब्रेक मारला. तानुबाईनं देवीचा धावा सुरू केला आणि गुळाची एक भेली घरंगळत कॅप्टनच्या पायाशी गेली.

कॅप्टन लालबुंद होऊन खाली उतरला. "ही वजनं कोणी केली?"

"मी केली, साहेब," भटू छाती काढून पुढं आला. "अगदी नियमानं. कडता कापून."

"कसला कडता?"

"आता बघा, कापसात ओल असते, माती असते, कचरा असतो. तेवढं वजन आम्ही कापतो. माणसातही ओल असतेच की! नानांची कमी धरली, ते वाळलेले आहेत. आबांची जास्त धरली, ते ताक पिऊन आले होते. आणि कपड्यांचं बारदान वेगळं कापलं. तेलाच्या डब्यांचंही."

गर्दीत कापूस विकायला येणारे शेतकरी होते. एक जण मोठ्यानं म्हणाला, "घ्या! आबांनी कडत्यातून स्वतःलाही नाही सोडलं!" सगळी धावपट्टी हसली. आबांना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कॅप्टननं नजरेनंच सगळ्यांना पुन्हा तोललं. "मेहुणे मंडळी खाली उतरा. आणि तेलाचे डबे उतरवा, नाहीतर हे जाड गृहस्थ तरी उतरवा."

"डबे उतरायचे नाहीत," प्रमिलाबाई ठामपणे म्हणाल्या. "मी झुंबरला शब्द दिलाय."

आबा उतरले. विमान सुरेख उडालं, नानांना घेऊन, डब्यांना घेऊन. मालक होऊ घातलेला माणूस तोंडातली धूळ पुसत खाली उभा होता, आणि तिकडं जळगावला नानांचा हात धरून त्यांना शिडीवरून उतरवायला साडू उभा असणार होता. 

ते विमान जळगावहून परस्पर मुंबईला गेलं. धुळ्याच्या काट्यावर कॅप्टनचा भरवसा उरला नव्हता. प्रमिलाबाई आणि बाकीची मंडळी झुंबरकडे राहिली आणि दिवस मावळताना नानांना वनाभाऊ स्वतः जीपमधून आणून सोडून गेले.

आबा ओट्यावर वाटच बघत होते. "नाना, कसं होतं विमान? सांगा तरी!"

"इमानमा काय शे?" नानांनी हात झटकला. "बठ्ठा आवाज. माले तर झोप लागनी."

"नुसता आवाज? आणि झोप लागली?"

"खरी मजा जीपमा शे! वनानं टप काढला. भन्नाट वारा! पारोळ्याला उतरून गरम भजी खाल्ली, उसाचा रस प्यायलो. आता डोळे मिटायला मोकळा मी." नाना आत गेले आणि आतूनही जीपचंच सांगत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. दस्तूर होता. "आबासाहेब, आनंदाची बातमी. जळगावकरांनी आजच बेत रद्द केला. विमानवाले एकटे तुम्हीच राहणार. बोला, एक इंजिन की दोन?"

आबांचे कान लाल झाले होते.

"विमान मरू द्या हो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "टप निघणाऱ्या जीपा तुम्ही ठेवता का?"