साठाव्या वर्षी तार

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत भानुदासनाना दर रविवारी सकाळी गेटला आरसा टांगतात आणि पुढच्या दोन दातांमधली फट व्हर्नियर कॅलिपरनं मोजतात. चिकलठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं सुटे भाग तपासले, हाताला सवय! आकडा कॅलेंडरवर लिहून झाला की आरोळी येते, "अर्धा मिलिमीटर सरकला!" समोरच्या काकू दूध घेता घेता हात जोडतात.

साठाव्या वर्षी दातांना तार लावल्यापासून नानांना दुसऱ्याचे दात बघितल्याशिवाय राहवत नाही. एका लग्नात स्टेजवर नवरदेवाचा हात हातात घेऊन म्हणाले, "खालचा डावा लई वाकडा हाये तुझा. दाखवून घे." पुढच्या एकाही फोटोत नवरदेवानं तोंड उघडलं नाही.

माझ्या बारा वर्षांच्या मुक्ताला तार लावायचं ठरलं, तेव्हा नाना न बोलावता हजर.

"आधी किडलेले दात भरून घ्यायचे. गंजलेल्या पत्र्यावर कुणी रंग मारतं का?"

"दुखतं का आजोबा?"

"दुखतं. खोटं कशाला बोलू? चार दिवस वरणभात कुस्करून खायचा. गालाला टोचलं तर मेण लावायचं. दर जेवणानंतर ब्रश. चिक्की, ऊस, कडक भाकरी बिलकुल बंद. आन् तार निघाली तरी दात धरून ठेवणारा रिटेनर घालायचा, नायतर दात माघारी फिरतात. सब्र पायजे बेटा, सब्र!"

त्याच आठवड्यात नानांच्या तारेचं दाताला चिकटवलेलं एक बटण निघालं. काडेपेटीत घालून ते डॉक्टरांपुढं ठेवत म्हणाले, "तुमचा माल नापास हाये."

"काय खाल्लंत?"

"काय नाय."

डॉक्टरांनी बटणाला चिकटलेला चिक्कीचा तुकडा चिमट्यानं वर धरला. नाना छताकडं बघू लागले.

मुक्ताला तार बसली त्या संध्याकाळी ते तिला बघायला आले. मी विचारलं, "नाना, तुम्ही ह्या वयात हा खटाटोप कशाला केला?"

"सुनंदासाठी."

सुनंदा त्यांची मुलगी. जालन्याला शिक्षिका आहे, पस्तिशीची.

"माझेच दात घेऊन आली पोर. लहानपणी म्हणायची, पप्पा, डॉक्टरला दाखवा ना. मी म्हणायचो, दात चावायला असतात, दाखवायला नाय. आता वर्गातबी तोंडावर हात धरून हसते. मागच्या साली म्हटलं, चल, लावू. तर म्हणाली, ह्या वयात लोक हसतील. म्हटलं, मग आधी माझ्यावर हसू दे."

"मग? तयार झाली?"

"बघू म्हणते. सालभर बघूच म्हणते."

"लावा फोन," मुक्ता म्हणाली.

व्हिडिओवर सुनंदा दिसली. मुक्तानं तोंड उघडून सगळी तार दाखवली. "ताई, मला भात पण चावत नाहीये. तुम्ही लावली की आपण दोघी मिळून रडू."

सुनंदाला हसू फुटलं आणि हात तोंडावर गेला.

"हात काढा ना, मला तुमचे दात बघायचेत."

मग हात खाली आला.

नाना फोन मुक्ताच्या हातात तसाच ठेवून उठले आणि चप्पल न घालता आमच्या गेटपाशी जाऊन उभे राहिले.