बॅप्टिस्ट गेला, आल्बिना चालू

"एक मेला तरी कुणाला कळणारसुद्धा नाही," असं मी छाती ठोकून सांगितलं होतं. सांगितलं कुणाला? तर वाडीकर बागायतदार सहकारी पतपेढीच्या अख्ख्या संचालक मंडळाला, आणि तेही बटाटेवडे संपायच्या आत. संचालकांनी माना डोलावल्या. त्या वड्यांना होत्या की मला, हे अजून कळलेलं नाही.

गोष्ट दोन हजार एक सालची. माणिकपूरला एका सलूनच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे मालक व्हिन्सेंट तुस्कानो, नोकर मी विघ्नेश, आणि एक एसी, जो माणसांसाठी नव्हता. पतपेढीच्या माणिकपूर, गोखिवरे आणि वालीव अशा तिन्ही शाखांचा कारभार कॉम्प्युटरवर आणायचं काम आम्हाला हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, त्यावर जीव टांगलेला होता. हे काम गेलं तर व्हिन्सेंट ऑफिसला कुलूप लावून केळीच्या वाडीत परत जाणार होता आणि मी सासऱ्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात. सासऱ्यांनी माझ्यासाठी स्टूलसुद्धा निवडून ठेवलं होतं.

म्हणून मी क्लस्टर उभा केला. नाव ऐकून घाबरू नका. क्लस्टर म्हणजे दोन सर्व्हर, दोघांवर एकच सॉफ्टवेअर, दोघं काम वाटून घेतात. मध्ये एक वायर. त्या वायरीवरून दोघं एकमेकांना सतत विचारत असतात, "आहेस ना?" "आहे." याला आमच्या धंद्यात हार्टबीट म्हणतात. एकाचं उत्तर आलं नाही की दुसरा समजतो, गडी गेला, आणि सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतो. काउंटरवरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. आहे की नाही झकास?

अडचण एकच होती, ती म्हणजे व्हिन्सेंटचे वडील. बॅप्टिस्ट अंकल पतपेढीचे संस्थापक. त्यांच्यासमोर अध्यक्ष चंद्रहास चौधरीसुद्धा ब्र काढत नसत. आणि अंकलचं कॉम्प्युटरविषयी ठाम मत होतं. "माणूस चुकला तर मान खाली घालतो," ते म्हणायचे. "हे डबडं मान कुठं घालणार?"

तेव्हा व्हिन्सेंटने डोकं चालवलं. पहिल्या सर्व्हरचं नाव ठेवलं बॅप्टिस्ट आणि दुसऱ्याचं आल्बिना, म्हणजे आपल्या आईचं. आपल्या नावाचं मशीन आहे म्हटल्यावर म्हातारा पाघळला. "बरं, येतो बघायला," म्हणाला. दिवस ठरला, दुपारचे चार ठरले. अंकलनी मान हलवली की काम आमचं.

त्या दिवशी सकाळपासून तिन्ही शाखांत उसने कॉम्प्युटर मांडून पतपेढीतल्या मुली नोंदी टाकत होत्या. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. दुपारी व्हिन्सेंट जेवायला आणि आंघोळीला घरी गेला. तो घरी पोचला असेल-नसेल, तोच इकडे स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. बॅप्टिस्टचा हार्टबीट येत नाही!

मी व्हिन्सेंटच्या घरी फोन लावला. तेव्हा मोबाइल फक्त चौधरींकडे होता आणि तोही ते रेंज शोधण्यासाठी वापरत. फोन बाईने उचलला. मला वाटलं, व्हिन्सेंटची बायको क्लेमेंटीन. तिला आमची सगळी भाषा पाठ झाली होती.

"वहिनी, व्हिन्सेंटला लगेच सांगा. बॅप्टिस्ट गेला."

पलीकडून आवाज आला, "गेला? कुठं गेला?"

"गेला म्हणजे गेला हो. हार्टबीट बंद."

"कधी?"

"आत्ता. माझ्यासमोर."

"देवा रे. आणि आल्बिना?"

"आल्बिना एकदम मजेत आहे. तिला कळलंसुद्धा नसेल. उलट सगळा कारभार तिनं हातात घेतला."

"ती... ती वाडीत मोगऱ्याला पाणी घालतेय," पलीकडचा आवाज कापत म्हणाला.

मला वाटलं, वहिनी सासूबाईंची गंमत करतायत. मी मोठ्याने हसलो. "घालू दे, घालू दे. आपल्याला तेच हवं होतं. आणि वहिनी, जास्त मनाला लावून घेऊ नका. जुनाच माल होता. आज ना उद्या जाणारच होता. व्हिन्सेंटला म्हणावं, चारच्या आत ये. तोवर मी त्याला चादरीखाली झाकून ठेवतो."

फोन ठेवला आणि मी सर्व्हर विकणाऱ्या अंधेरीच्या कंपनीला लावला. त्यांनी मला बासरीची धून ऐकवत ठेवलं, त्यामुळे आमची लाइन बराच वेळ अडकली.

आता फोन उचलणारी बाई क्लेमेंटीन नव्हती, हे तुम्ही ओळखलंच असेल. ती होती व्हिन्सेंटची कार्मिन आत्या, बॅप्टिस्ट अंकलची धाकटी बहीण, दुपारच्या जेवणाला आलेली. सर्व्हर, क्लस्टर वगैरे गोष्टींशी तिचा संबंध नव्हता. भाऊ सकाळीच माणिकपूरला गेलाय, एवढं तिला माहीत होतं. आणि आता तिला हेही कळलं होतं, की तो मुलाच्या ऑफिसात चादरीखाली आहे, मयत चार वाजता आहे आणि वहिनीने आनंदाने कारभार हातात घेतलाय.

तिने बाथरूमच्या दारावर थापा मारल्या. "व्हिन्सेंट, तुझा बाप तुझ्या ऑफिसात गेला रे!" बिचारा अंगाला साबण तसाच ठेवून, शर्ट उलटा घालून रिक्षात बसला, आणि ती रिक्षाही वाटेत बंद पडली. कार्मिन आत्याने चर्चमध्ये निरोप धाडला. चर्चमध्ये मयताची घंटा वाजली. वाडीतल्या घंटेपुढे टेलिफोन खातं काहीच नाही. पोफळीवर चढलेले लोक खाली उतरले.

इकडे मी बासरी ऐकत स्क्रीनकडे बघतोय, तर आल्बिनावर काम करणारी माणसं एकेक करून कमी व्हायला लागली. आधी माणिकपूर गेलं. मग गोखिवरे. बॅप्टिस्टच्या पाठोपाठ ही बाईपण जाते की काय? तेवढ्यात एकदाचा अंधेरीचा फोन ठेवला आणि लगेच वालीव शाखेत नोंदी टाकणाऱ्या उन्नतीचा आला.

"सर, आम्ही शटर ओढतोय. दुखवटा आहे."

"कोण गेलं?"

"तुम्हाला माहीत नाही? बॅप्टिस्टसाहेब. चार वाजता मयत आहे."

मी देव मानत नाही, परीक्षेचे दिवस सोडून. पण माणसाचं नाव मशीनला दिलं, मशीन गेलं आणि त्याच घटकेला माणूसही गेला, म्हणजे काय? आणि मला खरंच वाईट वाटलं. म्हातारा खडूस होता, पण मी दुपारचा उपाशी राबतोय असं कळलं की घरून डबा पाठवायचा आणि वर निरोप द्यायचा, "त्या डबड्यावाल्याला म्हणावं, हा डबा तरी नीट चालव." मी ऑफिसला कुलूप लावलं, खाली उतरलो, सलूनशेजारून झेंडूचा हार घेतला आणि रिक्षा केली. सलूनमध्ये कुणीतरी तोंडावर टॉवेल घेऊन आडवं पडलं होतं. मी ढुंकूनही पाहिलं नाही.

व्हिन्सेंटच्या अंगणात ही गर्दी! सुपारीच्या झाडांखाली खुर्च्या मांडलेल्या. कार्मिन आत्या दोन माणसांच्या वाटचं रडत होती. आल्बिना आंटी मात्र गप्प बसून होत्या, हातात पाण्याचा झारा तसाच. चौधरीसाहेब माझ्याजवळ सरकले आणि कानात कुजबुजले, "वाईट झालं. पण आता तुमच्या कामाला आडकाठी नाही." मग घसा खाकरून ते उभे राहिले.

"बॅप्टिस्टभाऊ काळाच्या पुढचे होते," त्यांनी सुरुवात केली. "पतपेढी कॉम्प्युटरवर जावी, ही त्यांची शेवटची इच्छा होती."

"मी कधी म्हणालो?"

आवाज फाटकातून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. बॅप्टिस्ट अंकल उभे होते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस, गळ्यात सलूनचा कपडा. चारच्या कार्यक्रमासाठी ते आमच्याच ऑफिसखाली दाढी करून घेत होते. ऑफिसला कुलूप बघून व्हिन्सेंट विचारायला सलूनमध्ये शिरला, तर समोर वडील! त्याने त्यांना अर्ध्या दाढीत उचलून आणलं होतं.

कार्मिन आत्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती खुर्चीवरून घसरली. चौधरी जागच्या जागी बसले, खुर्ची नसताना. अंकल सरळ माझ्याकडे आले.

"हा हार माझ्यासाठी?"

"हो, अंकल."

"झेंडू स्वस्त झालेत वाटतं."

"ह्यानंच फोन केला," कार्मिन आत्या सावरून म्हणाली. "हार्टबीट बंद म्हणाला, झाकून ठेवतो म्हणाला. आणि हसत होता, मेला."

मी सगळं सांगितलं. व्हिन्सेंटच्या केसांतून साबणाचं पाणी टपकत होतं. "विघ्नेश," तो थंडपणे म्हणाला, "आजपासून तुझ्या नावातला ईश काढून टाक." मला सासऱ्यांचं स्टूल स्पष्ट दिसायला लागलं.

अंकलनी गालावरचा फेस पुसला आणि बोलीभाषेत मला एक अस्सल शिवी हासडली. मग म्हणाले, "चला. मेलेला कसा दिसतो ते मला बघायचंय."

सगळी मयत रिक्षांत बसून आमच्या ऑफिसात आली. दोन मशीनना मिळून आमच्याकडे एकच स्क्रीन होता. इतका वेळ मी आल्बिनाच बघत बसलो होतो. खटका दाबून बॅप्टिस्टचा स्क्रीन लावला. बॅप्टिस्ट ठणठणीत चालू होता! आणि त्याच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, आल्बिनाचा हार्टबीट येत नाही.

कार्मिन आत्याने पुन्हा क्रूस केला.

मागे वाकून पाहिलं. सकाळी पाहुण्यांसाठी शोभा म्हणून मी दोन्ही मशीनला एकत्र हार घातला होता. हार ओढून बसवताना मधली वायर सैल झाली आणि दुपारी निसटली होती. बस्स, एवढंच. चौधरींनी तेवढ्यात एक पावती छापून बघितली. एक आली. पाठोपाठ तीच पुन्हा आली.

"दोन?" अंकलनी दोन्ही उजेडात धरल्या. "कार्बन न लावता?"

"नाही अंकल, हा बिघाड आहे," मी म्हणालो. आता लपवून काय उपयोग होता? "दोघंही जिवंत आहेत. पण मधली वायर निघाल्याने एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाला वाटतंय, दुसरा मेला आणि सगळं मी एकटाच चालवतोय. म्हणून दोघं तेच काम करतायत. थांबा, वायर लावतो."

"लावू नकोस," आल्बिना आंटी म्हणाल्या. दुपारपासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "आमचं घर लग्न झाल्यापासून असंच चाललंय. कुठं काय बिघडलं?"

कोणी हसायची हिंमत करेना. अंकलनी आंटींकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग हातातल्या दोन पावत्यांकडे.

"चौधरी," ते म्हणाले, "काम ह्याला द्या. मशीन संसारी आहे."

अशा रीतीने काम मिळालं. वायर मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप लावली, क्लस्टर पुस्तकात लिहिलाय तसा चालायला लागला आणि मी समाधानाने झोपलो. आठवडाभरात पतपेढीकडून आमच्याविरुद्ध पहिली लेखी तक्रार आली, खाली बॅप्टिस्ट अंकलची सही. मशीन बिघडलंय, पावती एकच येते.