सुभेदारआप्पांचा सकाळचा निरोप

आमच्या सुभेदारआप्पांचा आवाजी मेसेज आला, की आम्ही सुना आधी डोक्यावर पदर घेतो आणि मगच मोबाइल कानाला लावतो. चुलतसासरे पडले ना! आणि मेसेज असतो एचआयव्हीचा आणि कंडोमचा.

"भावकीतल्या समद्या आयांनी ध्यान द्या," आप्पा सुरू करतात. फौजेत वायरलेसवर होते, त्यामुळं शेवट ठरलेला. "पोराला फोन लावा, ह्यो निरोप ऐकवा आन तोंडानं इचारा. ओव्हर."

आमच्या कडेगावाकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईला जातात, म्हणजे परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या दुकानांवर. घर लांब, वय तसलं. आप्पांचं म्हणणं, डाक्टरला पोरगं गुंडाळंल, पण आईनं इचारलं की ततपप करतंय. थोरल्या जाऊबाईंनी लाजून नुसतं फुलांचं चित्र पाठवलं, तर लगेच उत्तर आलं, "फुलं मिळाली. पोराला इचारलं का? ओव्हर."

म्हाताऱ्याला लाज न्हाई म्हणून पुरुषांनी त्यांना भावकीच्या ग्रुपमधून काढलं. आप्पांनी दुसऱ्या दिवशी फक्त आयांचा ग्रुप काढला. हटणारा माणूसच नव्हे तो.

यंदा गलाईवरच्या माझ्या सूरजचं लग्न जमलं. सुपारी फुटायच्या आधी आप्पा दारात हजर. "पत्रिका बघितली, आता रगात तपासा. दोघांचंबी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं आप्पा, माझं पोर तसलं न्हाई."

लग्नासाठी घरी आलेला सूरज मात्र मान खाली घालून उभा. ती मान मी बघितली. मीच चपला घातल्या.

सरकारी दवाखान्यात तपासणीच्या बाईंनी सूरजला एकट्याला आत घेतलं. आम्ही बाहेर बाकावर. आप्पा म्हणाले, "माझा धाकटा भाऊ, बाळू. गलाईवरनं ह्योच आजार घिऊन आला. तवा आमाला लय भ्या वाटायचं. गोठ्यात ठेवला त्येला. मी सुट्टीवर आलो, तर ताट लांबनंच सरकवायचो. 'दादा, जरा बस की' म्हणायचा. मी न्हाई बसलो."



सूरज बाहेर आला तो पांढराफटक. मी उठले, तो तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पांनी त्याला धरून शेजारी बसवलं. पिशवीतला डबा उघडला, भाकरी मोडली आणि एकाच झाकणात दोघांचं कालवण ओतलं.

"आदी जेव माझ्यासंगं," आप्पा म्हणाले. "काय निघालंय ते मग सांग."